स्पिटफायरची स्केल मॉडेल्स: व्हेरिएंट कसे ओळखायचे, किट कसं निवडायचं आणि कसं बांधायचं? संपूर्ण माहिती

आजच्या लेखात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या स्केल मॉडेल किट्सबद्दल जाणून घेणार आहोत. विमानं शेकडो प्रकारची होती. सगळ्यांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकच विमान घेऊ आणि नीट समजून घेऊ. ते विमान म्हणजे ब्रिटिशांचं सुपरमरीन स्पिटफायर.

आधी माझी एक फजिती सांगतो, कारण या लेखाचा खरा मुद्दा त्यात आहे.

मी कॉलेजात असताना मामाने लंडनहून स्पिटफायर मार्क १४ चं किट आणलं होतं. त्याआधी मी मार्क ९ बांधलं होतं, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज. महिनाभर खपून मॉडेल पूर्ण केलं आणि शेजारच्या काकांना दाखवायला नेलं. काका वायुसेनेत ग्राउंड क्रूमध्ये होते आणि तरुणपणी त्यांनी खऱ्या स्पिटफायरवर काम केलेलं. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, नाकाकडून पाहिलं आणि हसायलाच लागले.

"अरे, पंखा उलटा लावलायस. हे विमान मागे जाईल की रे!"

मला काहीच कळेना. पाचही पाती मी मार्क ९ सारखीच, त्याच तिरक्या कोनात चिकटवली होती. तेव्हा काकांनी सांगितलं की मार्क ९ चं मर्लिन इंजिन आणि मार्क १४ चं ग्रिफन इंजिन उलट दिशांना फिरतात. मर्लिनवालं विमान उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढायचं, ग्रिफनवालं उजवीकडे. वर्षानुवर्षं मर्लिन उडवलेल्या वैमानिकाला ग्रिफनवर बसल्यावर पायाची सवयच बदलावी लागायची.

त्या दिवशी मला व्हेरिएंट या शब्दाचा अर्थ कळला. तोपर्यंत मला वाटायचं, व्हेरिएंट म्हणजे पेटीवरचा वेगळा आकडा. पण विमानावरचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक जाळी, प्रत्येक जास्तीचं पातं हे कुठल्या तरी अडचणीवर शोधलेलं उत्तर असतं. ती अडचण कळली की व्हेरिएंट पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप ओळखू येतात. चला तर मग, सुरुवात करूया.

स्केल म्हणजे काय?

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे ते. लढाऊ विमानांसाठी तीन स्केल जास्त चालतात: १/७२, १/४८ आणि १/३२.

हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचं मूळ फूट-इंचांत आहे. १/७२ म्हणजे मॉडेलवरचा एक इंच बरोबर खरे सहा फूट. १/४८ म्हणजे पाव इंच बरोबर एक फूट.

स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. त्यावरून मॉडेलचा आकार असा येतो:

• १/७२: सुमारे १५.६ सेंटिमीटर. तळहातावर मावतं. संग्रह करायचा असेल तर उत्तम.
• १/४८: सुमारे २३.४ सेंटिमीटर. कॉकपिटमधले बारकावे नीट दिसतात. माझं आवडतं स्केल.
• १/३२: सुमारे ३५ सेंटिमीटर. दिसायला जबरदस्त, पण कपाट लवकर भरतं आणि खिसा लवकर रिकामा होतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवा: व्हेरिएंटचा संग्रह करायचा असेल तर सगळी मॉडेल्स एकाच स्केलमध्ये घ्या. शेजारी शेजारी ठेवून तुलना करता आली नाही, तर व्हेरिएंट जमवण्यातली अर्धी मजा गेली.

हा छंद सुरू कसा झाला?

प्लास्टिकची विमानं महायुद्धाच्या आधीपासून होती. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये 'पेंग्विन' नावाने १/७२ स्केलची प्लास्टिक किट्स विकायला सुरुवात केली.

मग युद्ध आलं आणि या खेळण्याला गंभीर काम मिळालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे काही सेकंदांत ओळखता आलं नाही तर आपल्याच माणसावर गोळीबार होतो. म्हणून सैनिकांना आणि निरीक्षकांना विमानं ओळखायला शिकवण्यासाठी मॉडेल्स वापरली जायची. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून अशी पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली होती, १/७२ स्केलमध्येच. आज आपण ज्या स्केलची किट्स आवडीने घेतो, त्यावर तेव्हा कुणाचा तरी जीव अवलंबून होता.

युद्धानंतर ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५३ मध्ये आपलं पहिलं विमानाचं किट काढलं, आणि ते होतं स्पिटफायर. पुढे जपानच्या शिझुओका प्रांतातल्या तामिया आणि हासेगावा, तसंच चेक देशातली एदुआर्द अशा कंपन्यांनी हा छंद खूप वर नेला.

स्पिटफायरच का?

आर. जे. मिचेल यांनी डिझाइन केलेलं हे विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडालं. मिचेल १९३७ मध्येच वारले. पुढची सगळी सुधारणा जोसेफ स्मिथ यांच्या हाताखाली झाली. एकूण वीस हजारांहून जास्त स्पिटफायर बनली, आणि युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत उत्पादन चालू होतं.

पहिल्या मार्क १ च्या इंजिनाची ताकद सुमारे १,०३० अश्वशक्ती होती. मार्क १४ मध्ये ती दोन हजारांवर गेली. म्हणजे मूळ सांगाडा ओळखीचा ठेवून ताकद जवळपास दुप्पट केली. हे करताना काय काय बदलावं लागलं, तेच आपल्याला मॉडेलवर दिसतं.

मुख्य व्हेरिएंट कसे ओळखायचे?

मूळ पेट्यांवर मार्कचे आकडे बहुतेक वेळा रोमन अंकांत असतात. वाचायला सोपं जावं म्हणून मी इथे साधे अंक वापरतोय.

मार्क १ (१९३८): ऑगस्ट १९३८ मध्ये डक्सफर्डच्या १९ नंबर स्क्वॉड्रनला मिळालं. अगदी सुरुवातीच्या विमानांना लाकडी, दोन पात्यांचा पंखा होता, नंतर तीन पात्यांचा आला. पंखांमध्ये आठ मशीनगन. विमान उलटं करून पाहा: उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली छोटा ऑइल कूलर. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

मार्क २: जवळपास मार्क १ सारखंच. फरक म्हणजे पंख्याच्या मागे, नाकाच्या उजव्या बाजूला थेंबासारखा एक छोटा फुगवटा. काडतूस फोडून इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरसाठी तो होता.

मार्क ५ (१९४१): जास्त ताकदीचं मर्लिन ४५ इंजिन. सुमारे साडेसहा हजार विमानं बनली. ऑइल कूलर पूर्ण गोल झाला. वाळवंटात आणि पूर्वेकडे पाठवलेल्या बऱ्याच विमानांना नाकाखाली मोठी हनुवटी दिसते. तो धूळ अडवणारा फिल्टर. १९४३ च्या अखेरीला बंगालच्या आघाडीवर आलेली पहिली लढाऊ स्पिटफायर मार्क ५ च होती.

मार्क ६ आणि ७: खूप उंचीवर उडण्यासाठी. कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय आणि पंखांची टोकं लांब, निमुळती.

मार्क ९ (१९४२): सगळ्यात महत्त्वाचं व्हेरिएंट. याबद्दल खाली सविस्तर बोलू.

मार्क ८: खरं तर मार्क ९ च्या आधी ठरवलेलं, जास्त नीट तयार केलेलं विमान. इंजिन त्याच घराण्यातलं. ओळख म्हणजे शेपटीचं छोटं चाक आत ओढलं जातं. मार्क ९ चं ते चाक सहसा बाहेरच राहतं. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर हेच व्हेरिएंट जास्त दिसतं.

मार्क १६: मार्क ९ चाच भाऊ, फक्त इंजिन अमेरिकेत पॅकार्डने बनवलेलं मर्लिन. बऱ्याच विमानांची पाठ खाली उतरवून त्यावर बुडबुड्यासारखी काच बसवलेली होती, आणि पंखांची टोकं छाटलेली.

मार्क १४ (१९४४): ग्रिफन इंजिन. पाच पात्यांचा पंखा, लांब नाक, नाकाच्या वर दोन्ही बाजूंना लांबट फुगवटे, मोठी शेपटी. आणि हो, पंखा उलटा फिरतो!

पीआर मालिका: फोटो काढणारी, बिनबंदुकीची विमानं. ही बहुतेक निळी असायची. ढगांखालून कमी उंचीवर जाणारी काही चक्क फिकट गुलाबी होती.

याशिवाय पंखांच्या शस्त्रांनुसार ए, बी, सी, ई अशी अक्षरं लागतात. ए म्हणजे आठ मशीनगन. बी म्हणजे २० मिलीमीटरच्या दोन तोफा आणि चार मशीनगन. सी म्हणजे वेगवेगळी शस्त्रं बसवता येतील असा पंख. ई म्हणजे दोन तोफा आणि दोन जाड नळीच्या मशीनगन.

एक बदल, चार परिणाम: मार्क ५ पासून मार्क ९

सप्टेंबर १९४१ मध्ये इंग्लिश खाडीवर जर्मनांचं फोके-वुल्फ १९० हे नवं विमान दिसायला लागलं. मार्क ५ त्याच्यापुढे कमी पडू लागलं. ब्रिटिशांना ताबडतोब काहीतरी हवं होतं. मार्क ८ तयार व्हायला वेळ लागणार होता. म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात मर्लिन ६१ हे नवं इंजिन बसवलं. तात्पुरती सोय म्हणून केलेलं हे विमान म्हणजे मार्क ९. जुलै १९४२ मध्ये ते सेवेत आलं आणि पुढे साडेपाच हजारांहून जास्त बनली.

नव्या इंजिनात वेगळं काय होतं? उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाला दम लागतो. सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात भरतो. मर्लिन ६१ मध्ये ही हवा दोन टप्प्यांत दाबली जायची. आता याचे परिणाम पाहा:

१. दोन टप्प्यांचा सुपरचार्जर लांब असतो, म्हणून नाक लांबलं.
२. हवा दाबली की तापते. ती थंड करायला आणखी एक कूलर हवा. म्हणून डाव्या पंखाखालचा छोटा गोल कूलर गेला आणि दोन्ही पंखांखाली सारखे मोठे रेडिएटर आले.
३. वाढलेली ताकद हवेत वापरायला तीन पाती पुरेनात, म्हणून चार पाती आली.
४. वेग ताशी सुमारे ६०० किलोमीटरवरून ६५० च्या वर गेला.

पाहिलंत? एक अडचण, एक उत्तर, आणि त्यातून मॉडेलवर दिसणाऱ्या तीन खुणा. हे समजलं की मार्क ५ आणि मार्क ९ मध्ये तुमची कधी गल्लत होणार नाही.

गंमत म्हणजे ही गल्लत जर्मन वैमानिकांची व्हायची. मार्क ९ ची लांबी मार्क ५ पेक्षा फक्त ३५ सेंटिमीटरने जास्त. लांबून दोन्ही सारखीच दिसायची. समोरचं विमान जुनं की नवं हे लढाई सुरू होईपर्यंत कळायचं नाही, आणि ब्रिटिशांना त्याचा फायदाच झाला. १/७२ च्या मॉडेलवर हा फरक जेमतेम पाच मिलीमीटर आहे. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवा आणि डोळे बारीक करून पाहा, त्या वैमानिकाची अडचण तुम्हालाही कळेल.

पंख्याची दिशा कशी तपासायची?

माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सोपी युक्ती. मॉडेलच्या बरोबर समोर बसा. सगळ्यात वरचं, उभं पातं पाहा. पातं तिरकं असतं, म्हणजे त्याची एक कड तुमच्या जवळ आणि दुसरी लांब.

• जवळची कड तुमच्या डाव्या हाताला असेल तर तो मर्लिनचा पंखा.
• जवळची कड तुमच्या उजव्या हाताला असेल तर तो ग्रिफनचा.

बऱ्याच किट्समध्ये पाती एकाच दिशेने बसतील अशी खाच असते. पण पाती सुटी असतील आणि खुंटी गोल असेल, तर कोन तुम्हालाच ठरवावा लागतो. तिथेच मी चुकलो होतो.

किट कसं निवडायचं?

पेटीवरच्या चित्राला भुलू नका. खरेदीआधी या गोष्टी तपासा:

• साचा कधीचा आहे? पेटी नवी असली तरी आतला साचा चाळीस-पन्नास वर्षं जुना असू शकतो. साचे एका कंपनीकडून दुसरीकडेही जातात. फ्रॉगचे बरेच साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात गेले आणि नोवो नावाने विकले गेले. स्केलमेट्स या वेबसाइटवर कुठल्या किटचा साचा कुठून आला, याची वंशावळच मिळते.
• पॅनेलच्या रेषा कशा आहेत? जुन्या किट्सवर पत्र्यांच्या जोडांच्या रेषा उठावदार असतात, नव्यांवर खोलगट. खोलगट रेषा जास्त खऱ्या वाटतात आणि घासताना पुसल्या जात नाहीत.
• व्हेरिएंट खरंच तोच आहे का? काही पेट्यांमध्ये दोन-तीन व्हेरिएंटचे भाग एकत्र असतात. कुठला भाग वापरायचा आणि कुठला टाकायचा, हे सूचनापत्रकात नीट बघा.
• फोटो-एच हवंय का? फोटो-एच म्हणजे रसायनाने कोरलेले पितळेचे अतिशय पातळ भाग, जसे सीटबेल्ट किंवा कॉकपिटचं पॅनेल. एदुआर्दच्या प्रोफिपॅक पेट्यांमध्ये ते मिळतात. पहिल्या किटला हे नको, उगाच वैताग येतो.

नवशिक्यांसाठी माझा सल्ला: एअरफिक्सचं १/७२ चं अलीकडच्या साच्याचं मार्क १ घ्या. भाग कमी, जोड सोपे. हात बसला की तामियाचं १/४८ मार्क १ घ्या, भाग इतके नीट बसतात की मन प्रसन्न होतं. मार्क ८ आणि ९ साठी १/४८ मध्ये एदुआर्द उत्तम, पण तिथे संयम लागतो.

काय काय साहित्य लागतं?

• भाग कापायला छोटा साइड कटर. भाग हाताने पिळून तोडू नका.
• मॉडेलिंगची सुरी, पण पातं नवं हवं. बोथट सुरी जास्त घसरते आणि बोट कापते.
• पॉलिश पेपर, ४०० पासून १००० पर्यंतचा.
• प्लास्टिकचं पातळ सिमेंट. हे गोंदासारखं चिकटवत नाही, प्लास्टिकचे दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवून एकजीव करतं.
• कॉकपिटच्या काचेसाठी पांढरा फेविकॉल. झटपट चिकटणाऱ्या ग्लूची वाफ काचेवर पांढरी धुरकट छटा सोडते. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो.
• पुट्टी, मास्किंग टेप, चिमटा, दोन-तीन चांगले ब्रश.
• रंग: अक्रिलिक रंग सुरुवातीला सोयीचे. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर नंतर घेतला तरी चालतो.

थिनर वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि घासताना मास्क लावा. घरात लहान मूल असेल तर बारीक भाग आणि सुरी वरच्या फळीवर.

बांधणीचे टप्पे

१. सगळे स्प्रू, म्हणजे ज्या चौकटीला भाग जोडलेले असतात त्या, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. साच्यातून किट सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश राहिला तर रंग धरत नाही.

२. कॉकपिट आधी पूर्ण करा. स्पिटफायरच्या आतला रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा असतो.

३. धडाचे दोन अर्धे जोडा. चिकटवण्याआधी एकदा कोरडं जुळवून पाहा.

४. पंख लावताना समोरून पाहा. टोकं किंचित वर उचललेली आणि दोन्हीकडे सारखी हवीत.

५. जोडाच्या फटी पुट्टीने भरून घासा, मग प्राइमर मारा. आधी न दिसलेल्या सगळ्या चुका प्राइमरनंतर दिसतात!

६. आधी खालचा फिकट रंग, मग वरचे गडद.

७. चकाकी वार्निशचा थर द्या. खडबडीत रंगावर डिकल लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

८. डिकल पाण्यात अर्धा मिनिट ठेवून कागदावरून सरकवत बसवा.

९. मॅट वार्निश, आणि सगळ्यात शेवटी चाकं, अँटेना आणि पंखा.

आपल्याकडचा एक खास इशारा: भर पावसाळ्यात लॅकर किंवा वार्निश फवारू नका. हवेतल्या दमटपणामुळे थर पांढुरका होतो. मी जुलै महिना कापण्या-घासण्यासाठी ठेवतो आणि रंगकाम दिवाळीच्या आसपास काढतो. डिकल मात्र सिलिका जेलच्या पुडीसोबत झिपच्या पिशवीत ठेवा.

रंग आणि खुणा: इथेही कारण शोधा

१९४० च्या स्पिटफायरवर वरून तपकिरी आणि हिरवा रंग असतो. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीच्या जागी राखाडी आला, कारण लढाई आता समुद्रावर आणि जास्त उंचीवर चालली होती. जून १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीत दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारले, तेही आपल्याच लोकांनी पाडू नये म्हणून.

आपल्या भागाची खूण याहून बोलकी आहे. ब्रिटिश विमानांच्या गोल चिन्हात मधोमध लाल ठिपका असायचा. जपानी विमानांवरही लाल गोळा. लढाईच्या धांदलीत लाल दिसलं की गोळी सुटायची. म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवर लाल रंग काढून टाकला, आणि गडद निळा-फिकट निळा असं चिन्ह आलं. किटमध्ये या आघाडीचं मार्क ८ असेल आणि चिन्हात लाल दिसत असेल, तर काहीतरी चुकलंय हे समजा.

संग्रह कसा ठरवायचा?

"सगळी व्हेरिएंट जमवतो" म्हणून सुरुवात केली तर आयुष्य पुरत नाही. विषय ठरवा. दोन सुचवतो.

पहिला विषय, चार मॉडेलांत पूर्ण कथा: मार्क १, ५, ९ आणि १४. एका ओळीत ठेवा. पाती तीन, तीन, चार, पाच. नाक लांबत जातं, शेपटी मोठी होत जाते. कोणी पाहुणे आले तर पाच मिनिटांत सगळी कथा सांगता येते.

दुसरा विषय, आपल्याशी नातं असलेली स्पिटफायर: ब्रिटिश हवाई दलाच्या काही स्क्वॉड्रनना देणग्यांमुळे गावांची आणि संस्थानांची नावं मिळाली. त्या काळी एका स्पिटफायरसाठी ५,००० पौंड अशी ठरावीक रक्कम धरली जायची. त्यातून १२२ (बॉम्बे), १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) आणि १२४ (बरोडा), म्हणजे आपलं बडोदं, ही नावं आली. १२२ ची अक्षरं एमटी, १३२ ची एफएफ. बडोद्याच्या नावाच्या स्क्वॉड्रनने उंचीवरची मार्क ६ आणि ७ उडवली.

याच ओळीत भारतीय वैमानिकांची विमानं घ्या. भारतीय हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वॉड्रनने ब्रह्मदेश आघाडीच्या काळात मार्क ८ घेतली. युद्धानंतर ४ नंबर स्क्वॉड्रन मार्क १४ घेऊन थेट जपानमध्ये तैनात झाली. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्राचं चिन्ह होतं, तेही डिकलमध्ये शोधून लावता येतं.

खरं विमान पाहायचं असेल तर दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर आहे. लंडनमध्ये नातेवाईक असतील तर हेंडनचं आरएएफ म्युझियम बघाच, प्रवेश मोफत आहे. फोटो काढताना समोरून एकच काढू नका. पंखांखालचे रेडिएटर, शेपटीचं चाक आणि पंख्याची पाती असे तीन तरी काढा.

आणि एक प्रामाणिक कबुली. माझ्या कपाटात एकेकाळी एकोणीस न बांधलेल्या पेट्या होत्या. घेताना आनंद व्हायचा, बांधायला वेळ नसायचा. शेवटी नियम केला: दोन बांधल्याशिवाय तिसरी घ्यायची नाही. नियम दोनदा मोडलाय, पण पेट्या आता सहावर आल्यात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पहिलं मॉडेल बिघडलं तर? बिघडणारच. फेकू नका. त्यावर रंगांचे आणि वार्निशचे प्रयोग करा.

किती वेळ लागतो? साधं १/७२ किट रोज तासभर दिलात तर दोन-तीन आठवड्यांत होतं. बराचसा वेळ वाळण्याची वाट पाहण्यात जातो.

मॉडेलवरची धूळ कशी काढायची? मऊ, रुंद, कोरड्या ब्रशने. पण खरा उपाय काचेचं कपाट.

युद्धातली विमानं जमवणं योग्य आहे का? हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून मी प्रत्येक मॉडेलखाली एक चिठ्ठी ठेवतो: कुठली स्क्वॉड्रन, कुठलं वर्ष, आणि जिथे ठाऊक आहे तिथे त्या वैमानिकाचं पुढे काय झालं. बऱ्याच चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ एकच आहे, परत आला नाही.

शेवटी

त्या मार्क १४ चं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी घरी आलो आणि पाचही पाती कापून काढली. खुंट्या घासल्या आणि उलट्या कोनात पुन्हा चिकटवल्या. एक पातं जरा वाकडंच बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काकांकडे गेलो. त्यांनी नाकाकडून पाहिलं, बोटाने हलकेच पंखा फिरवला, योग्य दिशेला, आणि म्हणाले, "आता जाईल पुढे." मग बराच वेळ मॉडेल हातातच धरून बसले होते. मी ते त्यांच्याकडेच ठेवून आलो. काका आता नाहीत, पण त्यांच्या घरच्या शोकेसमध्ये ते वाकड्या पात्याचं विमान अजून आहे.

तर मित्रांनो, ही होती स्पिटफायरच्या व्हेरिएंटबद्दल आणि स्केल मॉडेल किट्सबद्दलची माहिती. पहिलं किट घ्याल तेव्हा पेटी उघडून लगेच गोंद काढू नका. आधी भाग हातात घ्या आणि स्वतःला विचारा, "हा फुगवटा इथे का आहे?" उत्तर सापडलं की मगच चिकटवा. आणि तुमच्या घरात कुणी जुन्या विमानांवर काम केलेलं असेल, तर तुमचं मॉडेल आधी त्यांना दाखवा. हसले तरी चालतील!